एका शल्यविशारदाचे गुपित

इस्पितळातील खाटेशी टांगलेला ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, शस्त्रक्रियागृहात डॉक्टरांच्या हातांवर चढलेले रबरी मोजे, दाढ काढण्यापूर्वी जबडा बधिर करणारी दंतवैद्याची सुई आणि पदवीनंतरही वर्षानुवर्षे उमेदवारी करणारे निवासी डॉक्टर, या चार गोष्टी आपल्या इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत की, त्यांचा आरंभ कोणीतरी केला असेल असा विचारही मनात येत नाही. या चारही गोष्टींच्या इतिहासात एक नाव ठळकपणे येते, ते डॉ. विल्यम स्ट्युअर्ट हॉलस्टेड यांचे. आधुनिक अमेरिकन शस्त्रक्रियेचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. मात्र ज्या हातांनी ही कामगिरी केली, ते हात अनेक वर्षे मॉर्फिनच्या आधाराने स्थिर राहिले होते, ही गोष्ट त्यांच्या हयातीत मोजक्याच माणसांना ठाऊक होती. व्यसन म्हणजे नेमके काय आणि त्यावर औषध कोणते द्यावे, या आजही वादाच्या असलेल्या प्रश्नांचा विचार करताना हॉलस्टेड यांच्या चरित्राइतकी बोलकी कहाणी क्वचितच सापडेल.

हॉलस्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यू यॉर्क येथे एका गर्भश्रीमंत घराण्यात झाला. वडिलांचा कापड आयातीचा मोठा व्यवसाय होता. येल विद्यापीठात शिकत असताना अभ्यासापेक्षा मैदानाकडेच त्यांचा ओढा अधिक होता. ते तेथील फुटबॉल संघाचे कर्णधार होते. त्या चार वर्षांत त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून एकही पुस्तक नेल्याची नोंद नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेरच्या वर्षी मात्र त्यांनी शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांवरील दोन ग्रंथ विकत घेतले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. १८७४ मध्ये पदवी घेऊन ते न्यू यॉर्कला वैद्यक शिकण्यास आले आणि १८७७ मध्ये डॉक्टर झाले.

त्या काळी शस्त्रक्रियेचे खरे माहेरघर युरोप, विशेषतः जर्मन भाषिक प्रदेश हे होते. १८७८ ते १८८० अशी दोन वर्षे हॉलस्टेड यांनी व्हिएन्ना, व्यूर्त्सबुर्ग, लाइपझिग आदी ठिकाणी घालवली. बिलरोथ यांच्यासारख्या धुरंधरांच्या शस्त्रक्रिया जवळून पाहिल्या. जंतुनाशकांचा काटेकोर वापर, ऊतींची हळुवार हाताळणी आणि प्रयोगशाळेशी जोडलेले शल्यशास्त्र यांचे संस्कार घेऊन ते मायदेशी परतले. न्यू यॉर्कमध्ये ते एकाच वेळी अनेक इस्पितळांत काम करीत. बेल्व्ह्यू इस्पितळातील अस्वच्छ वातावरणात शस्त्रक्रिया करणे त्यांना मान्य होईना, तेव्हा त्यांनी आवारातच निर्जंतुक शस्त्रक्रियेसाठी एक मोठा तंबू उभारून घेतला.

त्यांचे धाडस तर थक्क करणारे होते. १८८१ मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने त्यांची बहीण मरणाच्या दारी पोहोचली होती. हॉलस्टेड यांनी स्वतःच्या शरीरातून रक्त काढून तिला दिले आणि ती वाचली. रक्तगटांचा शोध लागण्यास त्या वेळी आणखी सुमारे वीस वर्षे अवकाश होता. पुढल्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाल्याचे निदान करून त्यांनी मध्यरात्रीनंतर घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर तिच्यावर शस्त्रक्रिया केली आणि खडे काढले. आईही वाचली. तिशीच्या उंबरठ्यावरील हा देखणा, मिळून मिसळून वागणारा, झपाट्याने हात चालविणारा शल्यविशारद न्यू यॉर्कच्या वैद्यकवर्तुळाचा लाडका झाला नसता तरच नवल.

याच सुमारास व्हिएन्नात एका नव्या औषधाची चर्चा सुरू झाली होती. १८८४ च्या जुलैमध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी कोका वनस्पतीवर एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि कोकेनचे भरभरून गुणगान केले. मॉर्फिनचे व्यसन सोडविण्यासाठी कोकेन उपयोगी पडते, असाही त्यांचा समज होता. त्यांचेच सहकारी कार्ल कोलर यांच्या ध्यानात मात्र कोकेनचा वेगळा गुण आला. त्याचे थेंब डोळ्यात घातले की डोळा बधिर होतो! १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यकांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. तोपर्यंत शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला ईथर अथवा क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शुद्धीत असलेल्या रुग्णाचा केवळ एक अवयव बधिर करता येतो, ही कल्पनाच क्रांतिकारक होती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ही बातमी न्यू यॉर्कला पोहोचली. कोकेनचे द्रावण थेट मज्जातंतूच्या आसपास टोचले तर त्या तंतूच्या ताब्यातील सारा भाग बधिर होईल, हे हॉलस्टेड यांनी लगोलग ओळखले. त्यांनी, त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी आणि भोवतालच्या तरुण डॉक्टरांनी व विद्यार्थ्यांनी एकमेकांना आणि स्वतःला सुया टोचून प्रयोग सुरू केले. खालचा जबडा बधिर करण्याची जी पद्धत दंतवैद्य आज वापरतात, तिचा उगम या प्रयोगांत आहे. काही महिन्यांत शेकडो लहानमोठ्या शस्त्रक्रिया या पद्धतीने पार पडल्या.

कोकेनचे दुसरे रूप त्या वेळी कोणालाच उमगलेले नव्हते. हे द्रव्य मज्जातंतूतील विद्युत् संदेश रोखते, म्हणून वेदना थांबते. रक्तावाटे मेंदूत पोहोचल्यावर मात्र ते निराळेच काम करते. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन पेशीपेशींमध्ये सुखाचा आणि प्रेरणेचा निरोप पोहोचविते आणि काम झाल्यावर परत शोषले जाते. कोकेन हे परत शोषणे रोखते. डोपामिन साचते, उत्साहाचे भरते येते, झोप आणि भूक हरपते, आपण काहीही करू शकतो असे वाटू लागते. हा अंमल अल्पकाळ टिकतो आणि ओसरल्यावर माणूस आधीपेक्षा खोल गर्तेत फेकला जातो. मग पुन्हा सुई. हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी कोणी ऐषारामी चैनबाज नव्हते. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या ध्यासाने त्यांनी स्वतःच्या देहाची प्रयोगशाळा केली होती. मेंदूतील रसायने माणसाचा हेतू पाहत नाहीत.

अधःपात वेगाने झाला. १८८५ च्या मे महिन्यात पायाचे हाड मोडून त्वचेबाहेर आलेल्या एका मजुराला बेल्व्ह्यूत आणले गेले. त्याच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेले हॉलस्टेड त्याला तपासता तपासताच बाजूला झाले आणि इस्पितळाबाहेर पडून घरी निघून गेले. पुढले कित्येक आठवडे ते नशेतच होते. १२ सप्टेंबर १८८५ रोजी न्यू यॉर्कच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात कोकेनवरील त्यांचा लेख छापून आला. त्याचे पहिलेच वाक्य इतके लांबलचक, भरकटलेले आणि अर्थहीन आहे की, ते लिहिताना लेखकाची अवस्था काय असेल हे सांगण्यास वैद्याची गरज पडू नये. ज्याने आजवर प्रत्येक टाका जपून घातला, त्याला आता एक वाक्य धड शिवता येत नव्हते.

अशा वेळी एक मित्र धावून आला. विल्यम वेल्च हे विकृतिशास्त्रज्ञ त्या वेळी बाल्टिमोर येथे नव्याने आकार घेत असलेल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या वैद्यकीय शाखेची उभारणी करीत होते. समुद्रप्रवासाने मन आणि शरीर ताळ्यावर येईल, या त्या काळच्या समजुतीनुसार १८८६ च्या आरंभी त्यांनी हॉलस्टेड यांना वेस्ट इंडीजमधील विंडवर्ड बेटांकडे जाणाऱ्या जहाजावर धाडले. सोबत कोकेनचा साठा होता आणि मात्रा हळूहळू कमी करीत परतायचे असा बेत होता. साठा वाटेतच संपला. तेव्हा हॉलस्टेड यांनी कप्तानाची औषधांची पेटी फोडली, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. प्रतिष्ठित घराण्यातील एक नामवंत डॉक्टर भर समुद्रात चोरी करतो, यावरून त्या ओढीच्या तीव्रतेची कल्पना यावी.

मे १८८६ मध्ये ते ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्सच्या बटलर मनोरुग्णालयात दाखल झाले. तेथील दप्तरात त्यांनी आडनाव गाळून विल्यम स्ट्युअर्ट एवढेच नाव लावले. सात महिने ते तेथे राहिले. कोकेन तुटल्यावर येणारी तगमग, निद्रानाश आणि खिन्नता शमविण्यासाठी तेथे त्यांना मॉर्फिन देण्यात आले. कोकेनचा जोर ओसरला खरा, परंतु रुग्ण बाहेर पडला तो मॉर्फिनचा अंकित होऊन. दैवदुर्विलास असा की, अटलांटिकपलीकडे याच्या नेमका उलटा प्रयोग झाला होता. फ्रॉइड यांनी आपले मित्र फ्लायशल-मार्क्सोव यांचे मॉर्फिन सुटावे म्हणून त्यांना कोकेन दिले होते. परिणामी त्यांना दोन्हींचे व्यसन जडले आणि १८९१ मध्ये ते अकाली वारले. एका व्यसनावर उतारा म्हणून दुसरे द्रव्य देताना ते शरीरात काय करते, किती काळ टिकते आणि मात्रा कोणाच्या हाती राहणार आहे, हे ठाऊक नसेल तर काय घडते याची ही दोन ठळक उदाहरणे होत.

डिसेंबर १८८६ मध्ये वेल्च यांनी हॉलस्टेड यांना बाल्टिमोरला बोलावून घेतले, आपल्याच बिऱ्हाडी ठेवले आणि प्रयोगशाळेत काम दिले. तेथे श्वानांवर प्रयोग करून आतड्याचा टाका कोणत्या थरातून घातला असता टिकतो, याचा मूलगामी शोध त्यांनी लावला. त्या संशोधनावर एप्रिल १८८७ मध्ये त्यांनी हार्वर्ड येथे व्याख्यान दिले. त्यानंतर लगेचच तोल पुन्हा गेला आणि ते दुसऱ्यांदा बटलर रुग्णालयात दाखल झाले. या खेपेस मुक्काम सुमारे नऊ महिन्यांचा होता. आजच्या भाषेत याला पुनरावर्तन म्हणतात. मधुमेह किंवा दम्याप्रमाणेच व्यसनही उलटते, आणि उलटले म्हणजे पूर्वीचा उपचार वाया गेला असे नव्हे, हे आज सर्वमान्य आहे. वेल्च यांनी ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ओळखले आणि मित्राचा हात सोडला नाही.

मे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. शल्यविभागाचे प्रमुखपद प्रथम ग्लासगोच्या मॅकइवेन यांना देऊ करण्यात आले होते. त्यांनी नकार दिला. हॉलस्टेड यांची प्रथम तात्पुरती नेमणूक झाली. १८९० मध्ये ते प्रमुख शल्यविशारद आणि १८९२ मध्ये प्राध्यापक झाले. नेमणूक करणाऱ्यांपैकी काहींना त्यांचा पूर्वेतिहास माहीत होता. तरीही त्यांनी ती जोखीम पत्करली.

१८८९-९० च्या हिवाळ्यात शस्त्रक्रियागृहातील प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक पारद-क्षाराच्या द्रावणाने सोलवटून निघाले. हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये दोघे विवाहबद्ध झाले. मोजे मुळात हात वाचविण्यासाठी आले होते. ते घातल्याने जखमेत जंतुसंसर्ग कमी होतो, ही गोष्ट हॉलस्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी पुढे काही वर्षांनी आकडेवारीने सिद्ध केली आणि सर्वांनीच मोजे घालण्याची प्रथा रूढ झाली.

पुढील तीन दशकांत हॉलस्टेड यांनी केलेले कार्य एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटते. अंतर्गळाची शस्त्रक्रिया त्यांनी इटलीच्या बस्सिनी यांच्याच सुमारास, पण स्वतंत्रपणे विकसित केली. स्तनाच्या कर्करोगासाठी छातीच्या स्नायूंसह संपूर्ण स्तन व काखेतील गाठी काढण्याची त्यांची पद्धत १८९४ मधील अहवालानंतर जगभर पसरली. ती फार विद्रूप करणारी होती आणि १९७० नंतरच्या चाचण्यांनी ती मागे पडली. मात्र त्यापूर्वी जो आजार शस्त्रक्रियेनंतरही बहुधा त्याच जागी पुन्हा उद्भवे, त्याला या पद्धतीने प्रथमच मोठ्या प्रमाणात आळा बसला होता. जर्मन धर्तीवर त्यांनी निवासी डॉक्टरांची पायरीपायरीने जबाबदारी वाढत जाणारी प्रशिक्षणपद्धती उभी केली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे हार्वे कुशिंग आणि मूत्रविकार शस्त्रक्रियेचे ह्यू यंग हे त्याच मुशीतून घडले.

परंतु हे सारे घडविणारा माणूस पूर्वीचा हॉलस्टेड राहिलेला नव्हता. न्यू यॉर्कचा बेधडक, गप्पिष्ट तरुण बाल्टिमोरला आला तो अबोल, एकलकोंडा आणि कमालीचा सावध होऊन. शस्त्रक्रिया ते इतक्या संथपणे करीत की, पाहणाऱ्यांचा धीर सुटावा. किंबहुना एकेक रक्तवाहिनी जपून बांधत, ऊतींना इजा न होऊ देता काम करण्याची ही शैलीच पुढे त्यांची देणगी ठरली. ते अनेकदा इस्पितळात फिरकत नसत, शस्त्रक्रिया शिष्यांवर सोपवीत, उन्हाळ्यात महिनोन् महिने नॉर्थ कॅरोलिनातील आपल्या शेतावर डेलियाची फुले वाढवीत किंवा युरोपात एकटेच राहत. सदरे धुण्यासाठी थेट पॅरिसला पाठवीत. पती-पत्नी एकाच घरात वेगवेगळ्या मजल्यांवर राहत असत. लोक याला प्रतिभावंताचा लहरीपणा समजत. त्यामागे काय दडले आहे याची कल्पना फार थोड्यांना होती.

त्या थोड्यांपैकी एक होते हॉपकिन्सचे पहिले वैद्यकप्रमुख डॉ. विल्यम ऑस्लर. हॉलस्टेड यांची कायम नेमणूक झाल्यानंतर काही महिन्यांनी त्यांना जबर हुडहुडी भरलेली ऑस्लर यांनी पाहिली आणि त्यांना उमगले की, मॉर्फिन चालूच आहे. नंतर हॉलस्टेड यांनीही त्यांना विश्वासात घेतले. दिवसाला तीन ग्रेन, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅमपेक्षा मात्रा खाली आणणे त्यांना जमत नव्हते, मात्र तेवढ्यावर ते काम व्यवस्थित करू शकत. पुढे ही मात्रा निम्म्यावर आली. ऑस्लर यांनी हे सारे हॉपकिन्सच्या आपल्या खासगी टिपणात लिहून बंदिस्त करून ठेवले. ऑस्लर १९१९ मध्ये वारले. हॉलस्टेड यांना पित्ताशयाच्या विकाराने गाठले आणि त्यांच्याच शिष्यांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. कॅरोलिन त्यानंतर तीन महिनेही जगल्या नाहीत. ते टिपण प्रकाशात आले १९६९ मध्ये. तोवर वैद्यकविश्वाचा असा समज होता की, हॉलस्टेड यांनी कोकेनवर मात केली आणि पुढे ते पूर्णतः व्यसनमुक्त जगले.

हे वाचून त्या काळच्या अनेकांना धक्का बसला. परंतु नीट पाहिले तर या टिपणातून व्यसनाविषयी एक मोलाची गोष्ट कळते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी मॉर्फिनचे जे इंजेक्शन दिले जाते, त्यात साधारण १० मिलिग्रॅम औषध असते. २०० मिलिग्रॅम ही मात्रा सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबवील. हॉलस्टेड मात्र त्यावर नाजूक रक्तवाहिन्या बांधत होते. मॉर्फिन मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटते, त्या ग्राही वारंवारच्या माऱ्याने सरावतात. मग तेच औषध धुंदी आणेनासे होते, केवळ समतोल राखते आणि ते मिळाले नाही की हुडहुडी, घाम, पोटात कळा आणि तगमग सुरू होते. मॉर्फिनचा असर काही तासांत ओसरतो. म्हणूनच ऑस्लर यांना ती हुडहुडी दिसली.

आज वैद्यक शरीराला लागलेली सवय आणि व्यसन यांत फरक करते. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ मधील नियमावलीत व्यसनविकाराचे ११ निकष दिले आहेत. ठरविल्यापेक्षा अधिक घेणे, सोडण्याचे प्रयत्न फसणे, अनावर ओढ, कामधाम आणि नाती विस्कटणे, धोका दिसत असूनही घेत राहणे हे त्यांतील काही. बारा महिन्यांत दोन-तीन निकष लागू पडले तर विकार सौम्य, चार-पाच असता मध्यम, सहा किंवा अधिक असता तीव्र. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने आलेली सहनशीलता आणि ते तुटल्यावरचा त्रास ही दोन लक्षणे यात धरली जात नाहीत. १८८५ चे हॉलस्टेड या मोजपट्टीवर निःसंशय तीव्र रुग्ण ठरतात. १९०० चे हॉलस्टेड मात्र खरोखर किती आजारी होते, हा प्रश्न विचार करायला लावतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे संशोधन त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी न्यू यॉर्कमध्येच झाले. दरम्यान अमेरिकेत १९१४ चा हॅरिसन कायदा आला. व्यसनी रुग्णाचे व्यसन चालू ठेवण्यापुरते मॉर्फिन लिहून देणे म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे, असा निकाल १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. असे उपचार करणारी दवाखान्यांची दारे बंद झाली, डॉक्टर आणि रुग्ण तुरुंगात जाऊ लागले. १९६४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट डोल, मारी नायस्वँडर आणि मेरी जीन क्रीक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या रुग्णांना मेथॅडोन देऊन पाहिले. मॉर्फिनच्याच जातीचे हे औषध तोंडाने घेता येते आणि त्याचा असर दिवसभर टिकतो. चढउतार थांबले आणि रुग्ण शिकू लागले, नोकरीला लागले. १९६५ मध्ये २२ रुग्णांचा हा अहवाल प्रसिद्ध झाला. मधुमेह्याला इन्शुलिन तसे यांना मेथॅडोन, अशी त्यामागची दृष्टी होती.

आज अफूवर्गीय व्यसनासाठी मुख्यतः तीन औषधे आहेत. मेथॅडोन रोज, बहुधा दवाखान्यात घ्यावे लागते. त्याची मात्रा जपून वाढवावी लागते आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवतात. ते ग्राहींना अर्धवटच चालना देते, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे त्याचा असर वाढत नाही आणि श्वास थांबण्याचा धोका कमी राहतो. मात्र ते सुरू करण्यापूर्वी रुग्णाला त्रासाची पहिली लक्षणे दिसू लागलेली असावी लागतात, अन्यथा तेच त्रास उसळवते. तिसरे नाल्ट्रेक्सोन. ते ग्राही अडवूनच धरते, पण त्यासाठी साधारण सात ते दहा दिवस आधी अफूवर्गीय द्रव्य पूर्ण बंद असावे लागते. कोणाला काय द्यायचे हे व्यसनाची तीव्रता, यकृत आणि हृदयाची स्थिती, गर्भारपण, दवाखाना किती दूर आहे आणि रुग्णाला काय हवे आहे यावर ठरते. पहिल्या दोन औषधांचा उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटते. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. भारतातही एड्स नियंत्रण कार्यक्रमात त्यांचा वापर होतो. उलट, मात्रा झटकन तोडून रुग्णाला घरी धाडणे सर्वांत घातक असते. शरीराची सहनशीलता उतरलेली असते आणि जुन्याच मात्रेने मृत्यू ओढवू शकतो.

कोकेनची गोष्ट मात्र वेगळी आहे. हॉलस्टेड यांना ज्या द्रव्याने प्रथम पाडले, त्यासाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मान्य केलेले एकही औषध आजतागायत नाही. तेथे मानसोपचार, आणि लघवीच्या तपासणीत द्रव्य न आढळल्यास लहानसे बक्षीस देण्याची पद्धत हेच उपाय उपयुक्त ठरले आहेत. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिराम, तर तंबाखूसाठी निकोटिनची च्युइंगगम वा पट्टी, व्हेरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन आहेत. व्यसन म्हणून सर्वांना एकच मात्रा लागू पडत नाही. यातील डायसल्फिरामबाबत एक सावधगिरी आपल्याकडे आवर्जून सांगण्याजोगी आहे. या औषधावर दारू घेतली तर जोराच्या उलट्या, धडधड होते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. ते रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो जिवाशी खेळ आहे. रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यावयाचे असते.

हॉलस्टेड यांना यातील काहीच उपलब्ध नव्हते. त्यांना मिळाले ते दुसरेच काही. दोनदा कोसळल्यावरही घरात ठेवून घेणारा मित्र, पूर्वेतिहास ठाऊक असूनही नोकरी देणारी संस्था, गुपित कळल्यावर पदावरून न हटविणारा सहकारी आणि शुद्ध मॉर्फिन ठरावीक मात्रेत मिळविण्याची डॉक्टर म्हणून असलेली मुभा. आजच्या उपचारात औषधाबरोबर निवारा, रोजगार आणि आधार यांवर भर दिला जातो, तो याच कारणासाठी. त्यांच्याबरोबर सुया टोचून घेणारे सहकारी इतके सुदैवी नव्हते. रिचर्ड हॉल यांना न्यू यॉर्क सोडून दूर कॅलिफोर्नियात जाऊन नव्याने उभे राहावे लागले. इतर काही तरुणांची कारकीर्द तेथेच संपली आणि त्यांची नावेही आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. मृत्यूच्या वर्षी अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने त्या प्रयोगांबद्दल हॉलस्टेड यांना सुवर्णपदक देऊन गौरविले. त्या प्रयोगांची किंमत काय मोजावी लागली, हे मात्र त्यांना त्या वेळीही उघडपणे सांगता आले नाही. उपचार घेत असलेल्या माणसाला ते लपवावे लागू नये, एवढे तरी त्यांच्या चरित्रातून आपण घ्यायला हवे.